‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ म्हणजे नेमका किती फरक? चाचणीच्या निकालातून खरा आकडा कसा शोधायचा

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकनं एक आठवडाभर एक प्रयोग केला. ६ लाख ८९ हजार ३ युजर्सपैकी काहींच्या न्यूजफीडमधल्या आनंदी पोस्ट कमी करण्यात आल्या, तर काहींच्या दुःखी पोस्ट. प्रश्न एवढाच होता की, आपण जे वाचतो त्याचा परिणाम आपण जे लिहितो त्यावर होतो का?

२०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर गदारोळ उठला. युजर्सना न सांगता त्यांच्या भावनांशी खेळ का केला, हा प्रश्न रास्तच होता. पण त्या गदारोळात एक आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटला.

ज्यांच्या फीडमधून आनंदी पोस्ट कमी केल्या, त्यांच्या लिखाणातल्या आनंदी शब्दांचं प्रमाण ०.१ टक्क्यानं घटलं. म्हणजे १००० शब्दांमागे साधारण एक शब्द. पी-व्हॅल्यू मात्र ०.००१ पेक्षाही कमी होती. शास्त्रीय भाषेत निकाल ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परिणाम होता, हेही खरं आणि तो हजारात एका शब्दाचा होता, हेही खरं. पहिली गोष्ट चाचणी सांगते. दुसरी सांगतो तो ‘अंदाज’, म्हणजेच पॅरामीटर एस्टिमेट. बातम्यांमध्ये पहिली गोष्ट ठळक छापली जाते आणि दुसरी हरवते. गंमत म्हणजे सॉफ्टवेअर वापरून स्वतः विश्लेषण करणाऱ्या अनेकांच्या हातूनही ती तशीच हरवते. असं का होतं आणि तो आकडा शोधायचा कुठे, हे समजून घेऊ.

चाचणी आणि अंदाज यांत फरक काय?

समजा, दोन औषधांची तुलना करायची आहे. इथं दोन वेगळे प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न: फरक आहे की नाही? याचं उत्तर देताना हायपोथिसिस टेस्ट, म्हणजे गृहीतकाची चाचणी, उलट्या बाजूनं विचार करते. दोन्ही औषधांत काहीच फरक नाही असं आधी धरून चालायचं आणि मग विचारायचं की, तसं असेल तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. ती ०.०५ पेक्षा कमी आली की निकाल ‘लक्षणीय’ म्हणण्याची प्रथा आहे.

दुसरा प्रश्न: फरक किती? पाच मिनिटांचा की दोन तासांचा? याचं उत्तर म्हणजे अंदाज. खरा आकडा आपल्याला कधीच थेट दिसत नाही, कारण आपण जगातल्या सगळ्या रुग्णांना तपासलेलं नसतं. हातात असलेल्या थोड्या लोकांवरून तो आकडा किती असावा, हे आपण सांगतो. सोबत एक पट्टाही देतो, ज्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. ‘९५ टक्के’ पट्ट्याचा अर्थ असा की, याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा नमुने घेऊन पट्टे काढत राहिलं, तर १०० पैकी साधारण ९५ पट्ट्यांमध्ये खरा आकडा सापडेल.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल एक निवेदन काढलं. परिणाम किती मोठा आहे किंवा तो किती महत्त्वाचा आहे, हे पी-व्हॅल्यूवरून मोजता येत नाही, हे त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक होतं. एखाद्या व्यावसायिक संघटनेला ही गोष्ट लेखी सांगावी लागली, यावरूनच गोंधळ किती जुना आणि किती खोल आहे ते कळतं.

सॉफ्टवेअर निकालात काय काय देतं?

संख्याशास्त्रासाठी ‘आर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. त्यात सरावासाठी काही डेटा आधीच भरलेला असतो. त्यातलाच एक म्हणजे ‘स्लीप’. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधं दिली आणि प्रत्येक औषधानं झोप किती तास वाढली याची ही नोंद आहे.

या डेटाला मोठा इतिहास आहे. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं जो शोधनिबंध लिहिला, त्यात हेच आकडे होते. आज जगभर शिकवली जाणारी टी-टेस्ट त्याच निबंधातून आली.

या डेटावर टी-टेस्ट चालवली की स्क्रीनवर सात-आठ ओळी उमटतात. बहुतेकांची नजर त्यातल्या एकाच आकड्याकडे धावते: पी-व्हॅल्यू ०.०७९३९. ०.०५ पेक्षा जास्त, म्हणजे लक्षणीय नाही. विषय संपला, खिडकी बंद.

पण स्क्रीनवर दिसतो तो फक्त छापील मजकूर असतो. त्यामागे ‘आर’नं एक डबा तयार केलेला असतो. किराणा दुकानातल्या खणांच्या पेटीसारखा हा डबा असतो. प्रत्येक खणाला नाव असतं: एका खणात चाचणीचा आकडा, एकात पी-व्हॅल्यू, एकात कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि एकात अंदाज. निकालाला आधी एखादं नाव देऊन साठवायचं, मग त्या नावापुढे डॉलरचं चिन्ह टाकून खणाचं नाव लिहायचं. हवा तो आकडा नेमका बाहेर येतो. स्क्रीनवरून बघून वहीत उतरवायची गरज नाही आणि दशांशचिन्ह चुकण्याची भीतीही नाही.

स्लीप डेटाचा ‘एस्टिमेट’ नावाचा खण उघडला की दोन आकडे मिळतात: ०.७५ आणि २.३३. पहिल्या औषधानं झोप सरासरी पाऊण तासानं वाढली, दुसऱ्यानं सुमारे २ तास २० मिनिटांनी. फरक १.५८ तास, म्हणजे साधारण ९५ मिनिटं. रात्रभर कूस बदलत पडणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही. पी-व्हॅल्यू बघून खिडकी बंद करणाऱ्याला तो कळलाच नसता.

‘पॅरामीटर’ मागितलं की भलतंच का मिळतं?

इथं नवशिक्यांची हमखास फसगत होते. पॅरामीटरचा अंदाज हवा आहे, तर ‘पॅरामीटर’ नावाचा खण उघडावा असं कुणालाही वाटेल. तो उघडल्यावर १७.७७६ हा आकडा मिळतो. ही झोप नाही, फरकही नाही. हे ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ आहेत. पी-व्हॅल्यू काढताना चाचणीला कोणता वक्र वापरायचा, हे त्या आकड्यावरून ठरतं. त्या वक्राचा तो पॅरामीटर, म्हणून खणाला ते नाव. आपल्याला हवा असलेला आकडा मात्र ‘एस्टिमेट’ मध्येच असतो.

दुसरी फसगत उणे चिन्हाची. या चाचणीतला कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ३.३७ ते अधिक ०.२१ असा येतो. म्हणजे झोप कमी झाली का? नाही. सॉफ्टवेअरनं पहिल्या गटातून दुसरा गट वजा केला, एवढंच. पहिला गट कोणता, हे डेटातल्या गटांच्या क्रमावरून ठरतं आणि वेगळा क्रम दिला नसेल तर अक्षरानुक्रम लागू होतो. त्यामुळे ‘कशातून काय वजा झालं’ हे न बघता निष्कर्ष लिहिला, तर औषधाचा फायदा कागदावर तोटा होऊन बसतो.

डेटा तोच, उत्तर वेगळं

स्लीप डेटाची गोष्ट इथं संपत नाही. वरच्या चाचणीत एक मोठी चूक आहे. तिनं वीस वेगवेगळे लोक आहेत असं धरलं. प्रत्यक्षात रुग्ण दहाच होते आणि प्रत्येकानं दोन्ही औषधं घेतली होती.

काही माणसांवर कोणत्याही औषधाचा जास्त परिणाम होतो, काहींवर कमी. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली, की माणसामाणसांतला हा फरक गणितातून बाहेर पडतो. याला ‘पेअर्ड’ म्हणजे जोडीची टी-टेस्ट म्हणतात.

जोडीची चाचणी चालवली की पी-व्हॅल्यू ०.०७९ वरून थेट ०.००२८ वर येते. ‘लक्षणीय नाही’चं ‘ठळकपणे लक्षणीय’ होतं. अंदाजाचं काय होतं? तो आहे तिथेच राहतो: १.५८ तास. बदलतो तो पट्टा. आधी त्यात शून्यही होतं, म्हणजे ‘फरक नाही’ ही शक्यता शिल्लक होती. आता पट्टा ०.७० ते २.४६ तास एवढा आक्रसतो, म्हणजे ४२ मिनिटं ते जवळजवळ अडीच तास.

नुसत्या पी-व्हॅल्यूकडे बघणाऱ्याला वाटेल की दोन चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत आहेत. अंदाज आणि पट्टा बघणाऱ्याला कळेल की दोघी एकाच आकड्याबद्दल बोलतात, फक्त एकीला तो जास्त स्पष्ट दिसतो.

इथं ‘एस्टिमेट’चा खणही बदलतो, हे लक्षात ठेवायला हवं. साध्या चाचणीत तिथं दोन सरासऱ्या होत्या. जोडीच्या चाचणीत एकच आकडा असतो, फरकाची सरासरी. खणाचं नाव तेच, आतला माल वेगळा.

अ‍ॅस्पिरिन: ४५ टक्के की हजारात आठ?

अंदाज नेमका कशाचा, हा प्रश्न किती महत्त्वाचा ठरू शकतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतला ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’. २२,०७१ पुरुष डॉक्टर त्यात सहभागी झाले होते. निम्म्यांना एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. सरासरी पाच वर्षांच्या आसपासचा पाठपुरावा झाला आणि १९८८ मध्ये पहिले निकाल जाहीर झाले.

अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ जणांपैकी १०४ जणांना हार्ट अटॅक आला होता. बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांपैकी १८९ जणांना.

दोन प्रमाणांची तुलना करणारी चाचणी ‘आर’मध्ये चालवली की पी-व्हॅल्यू ०.००००००७७ च्या आसपास येते. योगायोगाची शक्यता जवळपास संपली. पण फरक किती?

‘एस्टिमेट’चा खण दोन प्रमाणं देतो: १.७१ टक्के आणि ०.९४ टक्के. त्याच निकालातला कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र ०.४६ ते १.०८ टक्के असा दिसतो. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो, कारण १.७१ तर या पट्ट्यात बसतच नाही! कारण साधं आहे. अंदाज दोन गटांचे वेगवेगळे आहेत आणि पट्टा त्यांच्यातल्या फरकाचा आहे. तो फरक, म्हणजे ०.७७ टक्के, खणात तयार मिळत नाही. दोन आकडे काढून वजाबाकी आपणच करायची.

आता याच आकड्यांतून दोन बातम्या तयार होतात. ०.९४ ला १.७१ नं भागलं तर ०.५५ येतं. मथळा होतो: ‘अ‍ॅस्पिरिनमुळे हार्ट अटॅकचा धोका ४५ टक्के कमी’. वजाबाकी केली तर मथळा होतो: ‘पाच वर्षांत दर १००० पुरुषांमागे सुमारे ८ हार्ट अटॅक कमी’. म्हणजे एक अटॅक टाळण्यासाठी साधारण १३० जणांनी पाच वर्षं गोळी घ्यायची. दोन्ही मथळे खरे आहेत. पण वाचणाऱ्याच्या मनात उमटणारं चित्र अगदी वेगळं आहे.

हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. फायदा हजारात आठ असेल तर त्याची तुलना तोट्याशी करता येते. ‘४५ टक्के’ ऐकल्यावर ती तुलना डोक्यातही येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं ६० वर्षं किंवा त्यापुढच्या लोकांनी पहिला हृदयविकार टाळण्यासाठी नव्यानं अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, अशी शिफारस केली. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्या’ हा सल्ला मात्र आजही फिरतो. ही गोळी सुरू करायची किंवा बंद करायची, हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा असतो.

दोन सॉफ्टवेअर, एकाच डेटाचे दोन अंदाज

इंग्लंडमधली एक प्रसिद्ध गोष्ट आहे. चहात दूध आधी घातलं की नंतर, हे आपण चवीवरून ओळखतो, असा दावा एका बाईंनी केला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर प्रयोग मांडला: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी.

‘आर’च्या मदत-पानावरच्या उदाहरणात चव घेणारी व्यक्ती दोन्ही प्रकारांतले चारपैकी तीन-तीन कप बरोबर ओळखते. फिशरची चाचणी इथं ०.२४२९ ही पी-व्हॅल्यू देते. म्हणजे नुसता अंदाजपंचे तीर मारला असता, तरी जवळपास चारात एकदा एवढं यश मिळालं असतं.

आता अंदाज बघू. इथं तो ‘ऑड्स रेशो’च्या रूपात मिळतो. शाळकरी गणितानं तो ३ गुणिले ३ भागिले १ गुणिले १, म्हणजे ९. पायथनमधल्या ‘सायपाय’ या लायब्ररीचं फिशर चाचणीचं फंक्शन ९ च देतं. ‘आर’ मात्र देतं ६.४०८.

कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. ‘सायपाय’ नमुन्यातला सरळ गुणोत्तराचा आकडा देतं. ‘आर’ आधी हे लक्षात घेतं की, दोन्ही प्रकारचे कप चार-चारच आहेत हे चव घेणाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्या अटीत बसणारा अंदाज काढतं. पद्धत वेगळी म्हणून आकडा वेगळा. म्हणूनच अहवालात नुसता ‘ऑड्स रेशो ६.४’ लिहून भागत नाही, कोणत्या पद्धतीनं काढला तेही लिहावं लागतं.

आणखी एक गोष्ट. या उदाहरणात कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३१ पासून थेट अनंतापर्यंत जातो. हा बिघाड नाही. ‘चव ओळखता येते का’ असा एकाच दिशेचा प्रश्न विचारला, म्हणून पट्ट्याचं दुसरं टोक मोकळं राहिलं. दोन्ही टोकं हवी असतील तर चाचणी दोन्ही दिशांनी चालवावी लागते.

कोणत्या चाचणीतून काय मिळतं?

• साधी टी-टेस्ट: दोन सरासऱ्या मिळतात. फरक आपण काढायचा. पट्टा फरकाचा असतो.

• जोडीची टी-टेस्ट: फरकाची सरासरी थेट मिळते.

• कोरिलेशनची चाचणी: दोन गोष्टींतल्या संबंधाचा आकडा, उणे १ ते अधिक १ च्या दरम्यान.

• विल्कॉक्सन चाचणी: ‘आर’मध्ये अंदाज आपोआप मिळत नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल हवा असं मुद्दाम सांगितलं, तरच तोही मिळतो. दोन वेगळ्या गटांसाठी तो दोन मध्यकांचा फरक नसतो. एका गटातल्या प्रत्येकाची दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी तुलना करून आलेल्या फरकांचा तो मध्यक असतो.

• काय-स्क्वेअर चाचणी: ‘एस्टिमेट’चा खणच नसतो. प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांचे तक्ते मिळतात. प्रमाणं त्यांवरून काढावी लागतात.

शेवटच्या ओळीत एक महत्त्वाची गोष्ट आहे. खण रिकामा असेल, तर सॉफ्टवेअर ‘चुकलात’ असं ओरडत नाही, गुपचूप ‘नल’ म्हणजे काहीच नाही असं परत करतं. शंभर चाचण्या एकदम चालवणाऱ्या माणसाच्या तक्त्यात मग रिकाम्या जागा राहतात. अशा वेळी ‘ब्रूम’सारखं पॅकेज कामी येतं. ते प्रत्येक निकालाचे खण उलगडून एका ओळीत मांडतं आणि ओळीखाली ओळ लावली की तक्ता तयार होतो.

एक्सेल आणि गुगल शीट्सचं काय?

बहुतेक कार्यालयांत आणि कॉलेजांत ‘आर’ नसतं, एक्सेल किंवा गुगल शीट्स असतं. त्यांतलं टी-टेस्टचं सूत्र एकच आकडा देतं: पी-व्हॅल्यू. सरासरी नाही, फरक नाही, पट्टा नाही. त्यामुळे ज्या सेलमध्ये हे सूत्र लिहिलं, त्याच्या शेजारीच दोन्ही गटांच्या सरासऱ्या आणि त्यांची वजाबाकी लिहून ठेवणं, ही साधी सवयही पुष्कळ काम करते.

पायथनमध्ये टी-टेस्टच्या निकालातून चाचणीचा आकडा आणि पी-व्हॅल्यू मिळते, नव्या आवृत्त्यांत कॉन्फिडन्स इंटरव्हलही मागता येतो. सरासऱ्या मात्र स्वतःच काढाव्या लागतात. शिवाय दोन गटांतला चढउतार सारखाच आहे असं पायथनचं हे फंक्शन न सांगता धरून चालतं, ‘आर’ तसं धरत नाही. मित्राचं उत्तर आणि तुमचं उत्तर तिसऱ्या-चौथ्या दशांशाला जुळत नसेल, तर आधी तिथं बघायचं.

शेअर करण्याआधी चार प्रश्न

स्वतः कधीही सॉफ्टवेअर उघडणार नसाल, तरी ‘संशोधनातून सिद्ध झालं’ अशी पोस्ट समोर आली की हे चार प्रश्न विचारता येतात.

१. फरक किती आहे? मिनिटांत, रुपयांत, किलोत किंवा दर हजारी सांगितला आहे का?

२. कशातून काय वजा केलं? तुलना कुणाची कुणाशी आहे?

३. पट्टा किती रुंद आहे? ‘५ ते ११’ आणि ‘० ते ५०’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

४. ‘अमुक टक्के कमी’ म्हणताना मूळ धोका किती होता?

फेसबुकच्या त्या अभ्यासात हजारात एक शब्द हे उत्तर पहिल्यापासून छापलेलं होतं, कुणी लपवलं नव्हतं. अभ्यासकांचं म्हणणं असं होतं की कोट्यवधी लोकांच्या पातळीवर एवढासा परिणामही महत्त्वाचा ठरू शकतो. ते पटतं की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालण्यासाठी आधी आकडा माहीत असावा लागतो आणि तो बहुतेक वेळा निकालातच, पी-व्हॅल्यूच्या दोन ओळी खाली असतो.